वाचकांचे प्रश्न : सकाळी सात ते एकमधला बाजार

प्रश्न : आमच्या घरात सासू-सासरे धरून सहा माणसे आहेत. करोनामुळे गोव्यात ९ मे २०२१ पासून संचारबंदी लागू झाली आणि दुकाने सकाळी सात ते दुपारी एक एवढीच उघडी राहू लागली. रांगेत मीच उभी राहते, स्वयंपाक मीच करते आणि घरी आल्यावर ‘हे का आणले नाही?’ हे ऐकूनही मीच घेते. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, अजून झालेले नाही. त्यातच दुकानदाराने तेलाच्या पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले आणि ‘गाडीभाडे वाढले आहे’ असे सांगितले. महिन्याचे सामान एकदम भरून ठेवावे काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा त्रास मला बाजाराचा वाटत नाही. सहा माणसांच्या घराची सगळी आठवण एकाच माणसाने ठेवायची, हा तो त्रास आहे आणि तो आधी मोडायला हवा. स्वयंपाकघरात एक कागद टांगून ठेवा. साखर, चहा किंवा साबण ज्याच्या हातून संपेल त्याने ते तिथे लिहायचे आणि जे लिहिले नाही त्याबद्दल कोणी विचारायचे नाही. हीच यादी रात्री दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर बहुतेक वाण्यांची दुकाने सामान बांधून ठेवतात आणि मग ते आणायला घरातले कोणीही एकटे धडधाकट माणूस जाऊ शकते. ते तुम्हीच असण्याचे काही कारण नाही.

महिन्याचे सामान भरावे, पण फक्त तांदूळ, डाळी, गूळ आणि मीठ यांचे. भाजीचे तसे करू नये. आपल्याकडची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, त्यामुळे तांबडी भाजी किंवा मेथी घरी पोहोचते तेव्हाच अर्धी दमलेली असते; ती आणल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवावी. भेंडी आणि वांगी त्यानंतर, दुधी, कोहळा आणि सुरण शेवटी, अशा क्रमाने आठवडा निभावतो. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर दर ठरलेले असतात, म्हणून भाजी आधी तिथे पाहावी. परसातला फणस आणि नीरफणस या दिवसांत विसरू नयेत. भाजी साबणाने किंवा सॅनिटायझरने मात्र मुळीच धुऊ नये, वाहते स्वच्छ पाणी पुरे.

पुरुमेंताची घाई समजते, कारण पावसाळा जवळ आला आहे. तरी तौक्ते वादळाच्या पावसानंतर हवेत ओल राहिली आहे, म्हणून मिरची घेतल्याबरोबर डब्यात भरू नका. उन्हात वाळवल्यावर ती कानाशी धरून हलवावी. आतल्या बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि देठ वाकवला तर तटकन तुटला पाहिजे. देठ नुसताच वाकत असेल, तर आणखी दोन उन्हे द्यावीत. सुके बांगडे आणि कोकमाच्या सोलांनाही भरण्यापूर्वी एकदा ऊन दाखवावे.

तेलाबाबत तुमची बाजू पूर्ण बरोबर आहे. पाकिटावर छापलेली किंमत सर्व करांसह कमाल असते. गाडीभाड्याचे कारण सांगून तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. बिल मागा, पाकीट फेकू नका, आणि दुकानदाराने ऐकले नाही तर वजन-मापे खात्याकडे लेखी तक्रार करा. अडचणीच्या दिवसांत शेजारच्या दुकानदाराशी वाकडे नको, असे अनेकांना वाटते, पण त्याच दुकानात तुमच्यामागे रोजंदारी गमावलेले माणूसही उभे असते आणि त्याला ते चार रुपये जड जातात.

प्रश्न : वादळानंतर आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. फ्रीजमधले मासे आणि दूध वापरावे काय? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : मासे वापरू नयेत. दार उघडले नाही तर फ्रीजमधला थंडावा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेल्या फ्रीझरचा सुमारे ४८ तास. मासे फ्रीझरमध्ये असतील आणि अजून बर्फासारखे कडक असतील, तरच ते त्याच दिवशी शिजवावेत. मऊ पडले असतील तर वास चांगला आहे म्हणून ठेवून घेऊ नयेत, कारण बिघाडाचा वास दरवेळी येतोच असे नाही. दुधाचेही तेच, इतका वेळ थंडाव्याविना राहिलेले दूध उकळूनही मुलांना देऊ नये. पुन्हा वीज जाईल असे वाटत असेल, तर दुधाची पावडर घरात असू द्यावी.