पायाच्या खड्ड्यात खापरं निघाली तर?

प्रश्न: कसबा पेठेतल्या आमच्या देवळाच्या जीर्णोद्धारात सहा फुटांवर खापरं आणि तांब्याची दोन नाणी निघाली. काम चालू ठेवावं का?
– एक विश्वस्त

उत्तर: त्या खड्ड्यातलं काम आधी थांबवा, जेसीबी बाहेर काढा. खड्ड्याच्या भिंतीवरचे मातीचे थर मोजपट्टी लावून फोटोत घ्या, खोली लिहा, थरागणिक वेगळी पिशवी करा. कुठल्या थरातलं हेच कळेनासं झालं, की खापराचा काळ ठरवणं फार अवघड होतं. नाण्यांना चिंच-लिंबू मुळीच लावू नका. हिरव्या थरासोबत अक्षरंही जातात. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. किंमत दहा रुपयांवर असेल तर १८७८च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. खापरं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला दाखवा, न धुता.