राजीनामा देण्याआधी

प्रिय मुली,

नर्सच्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलायस म्हणालीस. ठेव, फाडू नकोस. पण नाइट ड्युटी उतरल्यावर त्याच सकाळी देऊही नकोस. ऑफ घे, पोटभर झोप, मग परत वाच.

परळच्या रुग्णालयांतल्या वॉर्डांत माझी उमेदीची वर्षं गेली. मुली कष्टांना कंटाळून नोकरी सोडतात असं बाहेरच्यांना वाटतं. मला दिसलं ते वेगळंच. काम अर्धवट टाकून घरी जावं लागतं, ते आत सलत राहतं. खाटेला खिळलेल्या आजींना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. एकटीकडे तीस पेशंट असले की रात्री दोनची कूस पाचला बदलते, आणि चार्टवर मात्र दोनच लिहिलं जातं. तुझी झोप त्या नोंदीनं उडवलीय, असं मला वाटतं. यापुढे पाचला केलं तर पाचच लिही, कारणासकट.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. तेव्हा तू कमी पडतेस हे डोक्यातून काढ. तारीख, शिफ्ट, पेशंट किती, स्टाफ किती, एवढं मेट्रनना, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, लेखी दे. सोबतिणींच्या सह्या घे, पोच घे.

पगाराबद्दल बोलायला लाजू नकोस. सेवाभावाचं नाव घेऊन आम्हाला फार वर्षं गप्प बसवलं गेलं, त्याचा मला आजही राग येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्राच्या समितीनं खासगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या: २०० हून अधिक खाटा असतील तिथं राज्य सरकारी नर्सइतका पगार, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २०,००० रुपये. सगळीकडे मिळत नाही. तरी आकडा माहीत असला की बोलताना आवाज कापत नाही.

आणि वॉर्डची इन्चार्ज सिस्टर कशी आहे ते बघ. ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा, घेताना वेळेवर येणारी, नातेवाईक अंगावर आले की पुढे उभी राहणारी बाई असेल, तर वाईट वॉर्डातही मुली टिकतात. तुझी तशी नसेल तर आधी वॉर्ड बदलून माग. डायलिसिस, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), जिथं तुझा हात रमेल तिथं. तेही नाकारलं तर खुशाल सोड. आखातात जा, इंग्लंडला जा, मनाला लावून घेऊ नकोस.

रविवारी घरी ये. गेल्या तीन महिन्यांचा ड्युटी चार्ट आण, मेट्रनना द्यायचं पत्र आपण बसून लिहू.

तुझी,
सिस्टर