सासूबाईंचं मॉर्फिन घरात ठेवलं, तर गुन्हा होतो का?

प्रश्न : सासूबाईंना कर्करोग आहे. महिन्याभराच्या मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या १८० गोळ्या मिळाल्या आहेत. शेजारी म्हणतात, शंभरच्या वर गोळ्या सापडल्या तर पोलीस धरतील. सध्या त्या देवघराच्या खणात आहेत. (पंचवटी, नाशिक)

उत्तर : धरणार नाहीत, पण शेजाऱ्यांचा शंभरचा आकडा अगदीच हवेतला नाही. तो चिंतेवरच्या अल्प्राझोलामसारख्या, मनावर परिणाम करणाऱ्या (सायकोट्रॉपिक) औषधांसाठीचा आहे, आणि २०१८पासून त्यात ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही आलं. ही औषधं स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल, तर ३०० पर्यंत.

मॉर्फिनचा हिशेब वेगळा. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' गटात आली. त्यांच्या नियमात गोळ्यांचा आकडाच नाही. रुग्णाला तिच्या वापरासाठी एका वेळी रीतसर जेवढं दिलं गेलं, तेवढं तिच्याजवळ असू शकतं. दर चार तासांनी एक म्हणजे दिवसाला ६, महिन्याच्या १८०. तुमचा आकडा चिठ्ठीशी जुळतो.

गडबड होते ती न जुळण्यानं. दुखणं कमी झालं, ५० गोळ्या उरल्या आणि तरी पुढच्या महिन्याच्या १८० आणल्या, की 'एका वेळी दिलेलं' हा आधार डळमळतो. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा आणि तेवढ्या कमी लिहून घ्या. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, तारीख, एकूण गोळ्या, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे मेडिकलवर जाण्याआधी वाचून घ्या.

गोळ्या कुलपातच ठेवा, असं नियमात रुग्णाला बजावलेलं नाही. तरी देवघराचा खण नको. घरात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असतो. लोखंडी कपाटातला लॉकर बरा, आणि किल्ली एकाकडेच. फ्रीज नको, गॅसजवळचं फडताळ नको. घर पत्र्याचं असेल तर उन्हाळ्यात छतालगतची जागाही टाळा. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. त्यावरचं नाव, बॅच आणि मुदत हीच त्यांची ओळख. कापताना नाव छापलेला तुकडा शेवटपर्यंत राखा. शेजारी एक वही : तारीख, वेळ, दिलेल्या, उरलेल्या. गोळ्या हरवल्या तर डॉक्टरांना कळवा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नवी चिठ्ठी मागताना ती पोच उपयोगी पडते.

प्रश्न : वडिलांना घेऊन नाशिकरोडहून रेल्वेनं नागपूरला जायचं आहे. त्यांची मॉर्फिनसारखी औषधं कशी न्यावीत?

उत्तर : मूळ खोक्यात, मूळ चिठ्ठी आणि वडिलांच्या ओळखपत्रासह, हातातल्या बॅगेत. प्रवासाचे दिवस आणि वर दोन दिवस पुरतील एवढीच. चिठ्ठीचा मोबाइलवरचा फोटो जोडीला असू द्या, पण तपासणीत त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : आई गेली. दहा-बारा मॉर्फिनच्या गोळ्या आणि फेंटानिलचे तीन पॅच (त्वचेवर चिकटवायच्या औषधी पट्ट्या) उरले आहेत. घंटागाडीत टाकावेत की गल्लीतल्या दुसऱ्या रुग्णाला द्यावेत?

उत्तर : दोन्ही नको. औषध आईच्या नावानं मिळालं होतं; ते दुसऱ्याला देणं हा या कायद्यानं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. शिवाय आईला सवयीनं सोसणारी मात्रा नव्या माणसाचा श्वास थांबवू शकते. गोळ्या आणि पॅच जिथून मिळाले, त्या केंद्राला आधी विचारा. ते घेत नसतील, तर केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५मध्ये १७ औषधांची जी यादी दिली, त्यात मॉर्फिन आणि फेंटानिल दोन्ही आहेत : ही औषधं कचऱ्यात न टाकता संडासात टाकून फ्लश करायची. एरवी औषधं नाल्यात सोडू नयेत हे खरं. इथं घरातलं पोर वाचवणं आधी येतं.

पॅच चिकट बाजू आत येईल असा दुमडा, बोटांनी दाबून चिकटवा, मग टाका. वापरून काढलेल्या पॅचचंही तेच. ७२ तासांनंतरही त्यात बरंच औषध शिल्लक असतं, आणि रांगत्या मुलाला तो साधी चिकटपट्टी वाटतो. काम झालं की हात साध्या पाण्यानं धुवा.