शॉर्टकट मध्येच गिळतं कोण?

वाचकांचे प्रश्न

या खेपेची बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत: शॉर्टकट दाबला, पण प्रोग्रॅमने ऐकलं नाही आणि तिसरंच काहीतरी घडलं. त्यामुळे ही पत्रं एकत्र घेतली आहेत. लिनक्सच्या उत्तरांत जिला ‘सुपर’ म्हटलंय ती विंडोजचं चिन्ह असलेली कळ, आणि ‘जोडी’ म्हणजे एकत्र दाबायच्या कळा.

प्रश्न: लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर कोड लिहायला इंटेलिजे आयडिया वापरते. कोडची मांडणी नीट करायला कंट्रोल-ऑल्ट-एल दाबलं की स्क्रीनच लॉक होते. ऑल्ट-एफ७ने ‘फाइंड युसेजेस’ यायला हवं, तर माउसचा बाण बदलतो आणि अख्खी विंडो माउसबरोबर फिरू लागते. कीमॅपमध्ये, म्हणजे आयडियाच्या शॉर्टकटच्या यादीत, सगळं जागच्या जागी आहे. आयडिया काढून पुन्हा टाकू का? — हिंजवडी

उत्तर: मुळीच नको. आयडियाचा यात काही दोष नाही. तिच्यापर्यंत कळ पोचलेलीच नाही. दाबलेली कळ आधी कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे) जाते, तिथून कीबोर्ड लेआउटकडे, मग विंडो सांभाळणाऱ्या विंडो मॅनेजरकडे, नंतर आयबससारख्या, दुसऱ्या भाषेत टाइप करू देणाऱ्या इनपुट मेथडकडे आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅमकडे. वाटेत कोणी ‘ही माझी’ म्हटलं की पुढच्याला पत्ताच लागत नाही. मिंट सहसा एक्स-११ (थोडक्यात ‘एक्स’) या पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरवर चालतं. तिथे विंडो मॅनेजर सुरू होतानाच आपल्या जोड्या सर्व्हरकडे नोंदवून ठेवतो. नंतर दुसऱ्या कोणी तीच जोडी मागितली तर त्याला ‘बॅड ॲक्सेस’ असं उत्तर मिळतं.

खात्री करून घ्यायची असेल तर टर्मिनलमध्ये ‘एक्सईव्ही’ हा प्रोग्रॅम चालवा. छोटीशी पांढरी विंडो उघडेल. ती समोर ठेवून शॉर्टकट दाबा. स्क्रीन लॉक झाली तर उघडून परत या, टर्मिनलमधल्या ओळी जागेवरच असतात. कंट्रोल आणि ऑल्टच्या ‘कीप्रेस’ ओळी दिसतील, एलची दिसणार नाही. तिच्या जागी ‘फोकसआउट’ आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘नोटिफायग्रॅब’ आलं असेल, तर कळ वरच्या वर पळवली गेली आहे. एलची कीप्रेस नीट दिसली, तर भानगड प्रोग्रॅमच्या आत आहे. आधी प्लगइन तपासा. टर्मिनल नको असेल तर आयडियाच्या कीमॅप पानावर शॉर्टकटवरून शोधायचं भिंगाचं बटण आहे. त्याच्या चौकटीत जोडी दाबा. चौकट रिकामी राहिली तर जोडी बाहेरच अडली. नवी जोडी ठरवण्याआधीही हीच चौकट वापरा, म्हणजे एका भांडणातून दुसऱ्यात पडणं टळेल.

आता दुरुस्ती. सिस्टिम सेटिंग्ज → कीबोर्ड → शॉर्टकट्स → सिस्टिम → लॉक स्क्रीन. खालच्या यादीतल्या कंट्रोल-ऑल्ट-एलच्या ओळीवर क्लिक करून बॅकस्पेस दाबा. ओळ रिकामी होते. पण ऑफिसच्या मशीनवर लॉकला शॉर्टकटच नसणं बरं नव्हे. तिथे सुपर-एल द्यायला जाल तर सिनॅमन विचारेल की ही जोडी आधीच दिलेली आहे, बदलू का? ती ‘लुकिंग ग्लास’ नावाच्या तपासणीच्या साधनाला दिलेली असते. रोजच्या कामात त्याची गरज पडत नाही, खुशाल हो म्हणा.

ऑल्ट-एफ७ म्हणजे विंडो हलवणे, ऑल्ट-एफ८ म्हणजे तिचा आकार बदलणे. दोन्ही ‘विंडोज’ गटात आहेत आणि दोन्ही एकदमच रिकाम्या करा. ऑल्ट-एफ८ आयडियात डीबग करताना ‘इव्हॅल्युएट एक्स्प्रेशन’साठी लागते, आज नाही तर उद्या तिथेही अडाल. कंट्रोल-ऑल्ट-डावा-उजवा बाण हे मात्र वेगळं प्रकरण. आयडियात त्यांनी मागच्या-पुढच्या जागी जाता येतं, सिनॅमनमध्ये वर्कस्पेस, म्हणजे विंडो वाटून ठेवायचा वेगळा डेस्कटॉप, बदलतं. वर्कस्पेस वापरत नसाल तर तिकडून काढा. दिवसभर वापरत असाल तर आयडियाच्या कीमॅपमध्ये ‘बॅक’ आणि ‘फॉरवर्ड’ना दुसरी जोडी द्या.

एका जोडीच्या वाटेला जाऊ नका: कंट्रोल-ऑल्ट-एफ७. आयडियात ती ‘शो युसेजेस’ची, पण लिनक्समध्ये कंट्रोल-ऑल्टबरोबर एफच्या कळा व्हर्च्युअल टर्मिनल, म्हणजे एकाच मशीनवरचे वेगवेगळे पडदे, बदलतात. मिंटमध्ये ग्राफिक पडदा बहुधा सातव्या टर्मिनलवरच असतो, म्हणून काहीच घडल्यासारखं वाटत नाही. उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर याच जोडीने काळा पडदा येतो आणि माणूस घाबरतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ किंवा एफ१ने परत येता येतं. ही सोय एक्सच्या सेटिंगमधून बंद करता येते, पण करू नका. डेस्कटॉप गोठला तर आत शिरायची तीच एक खिडकी उरते. इथे माघार आयडियानेच घ्यायची.

प्रश्न: उबंटूवर व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये ओळीची प्रत वर-खाली काढायची जोडी कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-बाण. ती दाबल्यावर काहीच होत नाही. भलतंही काही होत नाही. — कोथरूड

उत्तर: ‘काहीच होत नाही’ हा सगळ्यात फसवा प्रकार. उबंटूच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये ही जोडी विंडोला वरच्या किंवा खालच्या वर्कस्पेसवर ढकलायची आहे. २०२१ सालच्या ग्नोम ४०पासून वर्कस्पेस आडवे मांडलेले असतात, वर-खाली कोणी नाहीच. कळ गिळली जाते आणि ढकलायला जागा नसते. ग्नोमच्या आतल्या सेटिंग्ज बदलणारा डीकॉन्फ एडिटर टाका आणि ऑर्ग → ग्नोम → डेस्कटॉप → डब्ल्यूएम → कीबाइंडिंग्ज इथे जा. ‘मूव्ह टू वर्कस्पेस अप’ आणि ‘डाउन’ या दोन्ही ओळींत ‘यूज डिफॉल्ट व्हॅल्यू’ बंद करून व्हॅल्यूच्या जागी फक्त रिकामा चौकटी कंस [] ठेवा. बदल लगेच लागू होतो.

पुढे कधी अशी शंका आली तर व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालू करा. आलेली प्रत्येक कळ आणि तिचं पुढे काय झालं, ते खालच्या पॅनेलमध्ये ओळीने उमटतं. दाबलेली जोडी तिथे आलीच नाही, तर ती डेस्कटॉपने घेतली.

प्रश्न: ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये ऑल्ट धरून क्लिक केलं की एज लूप, म्हणजे कडांची सलग साखळी, निवडली जायला हवी. एक्सएफसीई या लिनक्स डेस्कटॉपवर विंडोच सरकते. — कर्वेनगर

उत्तर: सेटिंग्ज मॅनेजर → विंडो मॅनेजर ट्वीक्स → ॲक्सेसिबिलिटी. विंडो पकडून हलवायची कळ ऑल्ट आहे, ती सुपर करा. एवढं करूनही लूप निवडली गेली नाही तर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘एम्युलेट थ्री बटन माउस’ चालू नाही ना, बघा. तेही ऑल्टच खातं. नव्या ब्लेंडरमध्ये एजवर डबल क्लिक करूनही लूप मिळते.

प्रश्न: आमचं पत्रिका छपाईचं काम. विंडोजवर फोटोशॉपमध्ये ऑल्ट-शिफ्ट धरून गणपतीची प्रत सरळ रेषेत ओढतो. त्यानंतर इंग्रजी मजकूर टाइप करायला गेलं की भाषा मराठी झालेली असते. ‘pune’ऐवजी ‘जहला’ उमटतं. — शनिवार पेठ

उत्तर: ‘जहला’वरून एवढं नक्की, की तुमचं लेआउट इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाणित कळमांडणी, आहे, पी, यू, एन, ई या चार कळांवर तिथे ज, ह, ल आणि काना बसतो. आणि भाषा तुम्हीच बदलताय. विंडोजमध्ये डावं ऑल्ट-शिफ्ट ही भाषा बदलायची जोडी. दोन्ही कळा सुटल्यावर विंडोज पाहतं, मध्ये तिसरी कळ दाबली गेली का? नसेल तर भाषा बदलते. तुम्ही मध्ये माउस वापरला, पण माउस काही कळ नव्हे. तेव्हा विंडोजच्या हिशेबी तुम्ही नुसतं ऑल्ट-शिफ्टच दाबलंत.

सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज → इनपुट लँग्वेज हॉट कीज. उघडलेल्या जुन्या धाटणीच्या विंडोत ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा आणि डाव्या-उजव्या दोन्ही रकान्यांत ‘नॉट असाइन्ड’ निवडा. उजवा रकाना लेआउट बदलायचा. तिथे कंट्रोल-शिफ्ट असेल तर तेही असाच त्रास देतं. भाषा बदलायला विंडोज-स्पेस उरतंच. त्याच ॲडव्हान्स्ड पानावर प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा ठेवायची खूणही करून ठेवा. मग वर्डमध्ये मराठी आणि फोटोशॉपमध्ये इंग्रजी, दोन्ही सुखाने नांदतील.

प्रश्न: उबंटूवर ट्वीक्स या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममधून मराठी-इंग्रजी बदलायला कंट्रोल-शिफ्ट ठेवलं. तेव्हापासून टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्हीने पेस्ट होत नाही आणि ब्राउझरचा मिटलेला टॅब परत येत नाही. — वारजे

उत्तर: वरचाच आजार, पण जास्त चिवट. विंडोज कळा सुटेपर्यंत थांबतं, लिनक्समधला कीबोर्ड लेआउट सांभाळणारा एक्सकेबी थांबत नाही. दुसरी कळ दबली की त्याच क्षणी भाषा बदलून मोकळं. व्ही दाबेपर्यंत ती व्ही न राहता ‘न’ झालेली असते. एक्सच्या तक्रारवहीत ही गोष्ट २००४ सालापासून ८६५ क्रमांकाने नोंदलेली आहे, यावरून काय ते समजा.

ट्वीक्समधली ती खूण काढा आणि ग्नोमचं स्वतःचं सुपर-स्पेस वापरा. एकच कळ हवी असेल तर कॅप्स लॉक चालेल. उजवं ऑल्ट मात्र नको, ते इनस्क्रिप्टला तिसऱ्या पातळीच्या अक्षरांसाठी लागतं. भाषांच्या यादीत इंग्रजी पहिली ठेवा. बहुतेक प्रोग्रॅम मराठी चालू असतानाही कंट्रोल-सीसाठी यादीतल्या इंग्रजी लेआउटकडे बघतात. तिथे इंग्रजी नसेलच तर बघणार कुठे? व्हीएस कोड तरीही अडला तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड डिस्पॅच’ शोधून ‘कीकोड’ निवडा आणि तो बंद करून पुन्हा उघडा.

प्रश्न: घरून काम करताना रिमोट डेस्कटॉपमध्ये ऑल्ट-टॅब दाबलं की माझ्याच लॅपटॉपच्या विंडो फिरतात. — औंध

उत्तर: विंडोजवरून जोडत असाल तर जोडणीच्या खिडकीत शो ऑप्शन्स → लोकल रिसोर्सेस → कीबोर्ड इथे ‘ऑन द रिमोट कॉम्प्युटर’ निवडा. तिथला तिसरा पर्याय पूर्ण पडदा असतानाच कळा पलीकडे पाठवतो. दोन्हीकडे काम असेल तर तो बरा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र कधीच पलीकडे जात नाही, त्याऐवजी कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबायचं.

ग्नोमवर एक्सऐवजी वेलँड ही नवी व्यवस्था असेल तर रिमोटचा प्रोग्रॅम डेस्कटॉपचे शॉर्टकट तात्पुरते थांबवायची परवानगी मागतो. घाईत ‘नाही’ दाबलेलं असतं आणि मग ऑल्ट-टॅब इथेच अडतं. परवानगी दिल्यावर आपल्या मशीनवर परतायला सुपर-एस्केप.