सोलापुरात घरी लॉबस्टर घालून बेक्ड मॅकरोनी चीज कशी करावी?

समुद्र लांब, त्यामुळे ताजी शेवंड (म्हणजेच लॉबस्टर) इथे मिळणं अवघड. पण गोठवलेली शेपटी उत्तम चालते. तिचा बर्फ रात्रभर फ्रिजमध्येच वितळू द्या. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, मांस बहुतेक शेपटीतच. उकळत्या पाण्यात 3-4 मिनिटं ठेवून अर्धवट शिजलेली काढा, बाकीचं ओव्हनमध्ये होतं. जास्त शिजली की चिवट होते आणि एवढी महाग वस्तू वाया जाते.

कवच मात्र टाकू नका! 600 मिली दुधात ते मंद आचेवर 15 मिनिटं ठेवा, मग दूध गाळा. खरी चव इथून येते. 40 ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा रंग न बदलता परता, हे दूध थोडं थोडं घाला. घट्ट झालं की गॅस बंद करा, मगच 200 ग्रॅम किसलेलं चेडर चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये ते फुटतं. 250 ग्रॅम मॅकरोनी किंचित कच्ची ठेवून मांसासह मिसळा.

वर ब्रेडक्रम्सऐवजी आपली कडक भाकरी चुरून, लोण्यात घोळवून पसरा. 200 अंशांवर 20 मिनिटं.

शेवंड नाहीच मिळाली तर कोळंबी घ्या. उजनीचा रोहू नको, काटे फार.