१९६६ ची फोर्ड मस्टँग घेतलीत? आधी पाणी ओतून बघा

अभिनंदन! पण लगेच इंजिन उघडायला घेऊ नका. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाण्याचा पाइप सोडा आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. पाणी पायाशी टपकलं, तर काउल (काचेखालची पत्र्याची पोकळ पेटी) सडलाय. या मॉडेलचं हे जुनंच दुखणं. गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे काउल, फ्रेम रेल (बॉडीखालच्या लांब पोकळ तुळया) आणि त्यांना बॉडीच्या कडेशी जोडणाऱ्या पेट्या, म्हणजे टॉर्क बॉक्स, गंजलेल्या असतील तर रंगाचे पैसे आधी वेल्डिंगला जाणार. आणि आतून तिरपे आधार जोडल्याशिवाय फ्लोअर पॅन (गाडीच्या तळाचा पत्रा) कापायचा नाही. बॉडी वाकली की दारं पुन्हा नीट बसत नाहीत.

मग व्हीआयएन, म्हणजे गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक, वाचा. पाचव्या जागी सी किंवा ए म्हणजे २८९ घन इंचांचं आठ सिलिंडरचं इंजिन (व्ही-८), टी म्हणजे सहा सिलिंडर. के निघालं तर तुमचं नशीब! ते २७१ अश्वशक्तीचं इंजिन. त्यात काहीही बदल करू नका. टी असेल आणि व्ही-८ चा मोह झाला, तर नुसतं इंजिन बदलून भागत नाही: चाकांना चारच बोल्ट, मागचा अ‍ॅक्सल नाजूक, ब्रेक लहान.

ब्रेकचं म्हणाल तर ६६ च्या मास्टर सिलिंडरला (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) एकच कप्पा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा बसवा, पुढे डिस्क लावा. कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट वगैरे हौस त्यानंतर.