१९६८ ची फियाट ११०० मूळ रूपात आणायची असेल, तर आधी काहीही फेकू नका

तुमच्या आजोबांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट ठाण्यातल्या सोसायटीच्या आवारात दहा-बारा वर्षे उभी आहे. ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होती तशी करायची आहे, तर सुरुवात कोठून करावी आणि सुटे भाग कोठे मिळतील, असे तुम्ही विचारले आहे. मी ठाण्यातच चरईत राहतो. वडिलांची १९६९ ची डिलाइट पूर्ववत करायला मला सव्वापाच वर्षे लागली, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली विनंती अशी, की गाडीचा एकही भाग, तो कितीही गंजलेला असला तरी, फेकू नका आणि कोणाला फेकू देऊ नका. माझ्या गाडीचे डेंटिंग चालू असताना गॅरेजमधल्या मुलाने दरवाजांवरच्या चमकपट्ट्या त्यांच्या क्लिपांसकट भंगारात देऊन टाकल्या. पट्ट्या पुढे मिळाल्या, परंतु क्लिपेचा एकही नमुना हाती न राहिल्यामुळे त्या बनवून घ्यायला आठ महिने गेले. खराब झालेला भाग बसवण्याच्या लायकीचा नसला तरी लेथवाल्याला, रबरवाल्याला आणि क्रोम करणाऱ्याला त्याच्यावरूनच माप घेता येते. म्हणून गाडी खोलण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे फोटो काढा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी घालून ठेवा.

आता भागांविषयी. फियाटच्या गाड्या भारतात बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली डिलाइट पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावाने आली. १०८९ सीसीचे इंजिन मूलतः तेच राहिल्यामुळे इंजिन, ब्रेक, पाटे (लीफ स्प्रिंग) यांचे बरेच भाग नंतरच्या गाडीचेही चालतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी भंगारात निघत होत्या तोपर्यंत कुर्ल्याच्या बाजारात हे भाग सहज मिळत. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर पद्मिनी टॅक्सीच रस्त्यावर राहिली नाही, त्यामुळे तो ओघ आटला आहे आणि आता दुकानांत उरलेला जुना साठाच शोधावा लागतो. कुर्ला, ऑपेरा हाउसजवळची स्पेअर पार्टची दुकाने, पुण्याची नाना पेठ, दिल्लीचे काश्मिरी गेट आणि कोलकात्याचा मलिक बाजार येथे जुना भाग हातात घेऊन स्वतः जा. फोनवर ‘नाही’ म्हणणारा दुकानदार नमुना पाहिल्यावर पोटमाळ्यावर चढून शोधतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. इटलीतही ११०० डी या मूळ गाडीचे रबर आणि किरकोळ भाग मिळतात. मात्र तिकडच्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असल्याने डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगचे भाग तेथून मागवू नका.

येथे एक भेद सांभाळावा लागतो. एखादा भाग गाडीला बसतो, म्हणून तो त्या गाडीचा होत नाही. पुढची जाळी, दिवे, डॅशबोर्ड, बोधचिन्हे ही वर्षांगणिक बदलत गेली. पद्मिनीचे दिवे लावून गाडी उत्तम चालेल, पण ती १९६८ ची डिलाइट दिसणार नाही. जुनी मालकपुस्तिका आणि पार्ट कॅटलॉग मिळवा आणि त्यातील चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय दर्शनी भाग विकत घेऊ नका.

सर्वांत जास्त पैसा आणि वेळ पत्र्यावर खर्च करा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे खाडीच्या दमट, खाऱ्या हवेने फ्लोअर आणि दरवाजांखालचा पत्रा खाल्ला असेल, तर गाडीचे बळच गेलेले असते. गंजावर लांबी (पुटी) भरून वर रंग मारला तर दोन पावसाळ्यांत फुगे येतात. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा असेल, तर आधी आतून लोखंडी अँगलचा आधार द्यायला सांगा, नाहीतर बॉडी किंचित झुकते आणि दरवाजे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. मूळ रंग डॅशबोर्डखाली किंवा दरवाजाच्या आतल्या पॅडमागे सापडेल.

इंजिन बदलू नका. ६८ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, झिजला असेल तर स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) घालून घ्या, म्हणजे आरसी बुकातील नंबरचा ब्लॉक टिकून राहील. मूळपणाचा हट्ट मी एकाच ठिकाणी सोडला. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुने रबर खराब होते, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले.

नोंदणीचाही विचार आत्ताच करा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, मात्र चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच बाहेर काढता येते. आजोबांच्या गाडीतून दर रविवारी तलावपाळीवर फेरी मारायची इच्छा असेल, तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून चालू ठेवा.